पंडिता रमाबाई : त्यागाकडून श्रमाकडे

त्याग हा शब्द मराठी समाजात फार आदराने उच्चारला जातो. संन्यासी घरदार सोडतो, दानशूर धन सोडतो, व्रतस्थ अन्न सोडतो आणि समाज त्या सर्वांपुढे मस्तक नमवतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय हिंदू घरांत असा एक वर्ग होता की, ज्याच्याकडून सर्व काही काढून घेतले जात असे आणि त्या काढून घेण्यालाही त्यागाचेच नाव दिले जात असे. विधवेचे केस गेले, अलंकार गेले, रंगीत वस्त्र गेले, दुसऱ्या वेळचे जेवण गेले. यांपैकी काहीही तिने आपण होऊन सोडलेले नव्हते. ख्रिस्तानेही आपल्या अनुयायांना आत्मत्यागाची अट घातली आहे. ज्याला त्याच्या मागे जावयाचे आहे त्याने स्वतःला नाकारावे आणि आपला क्रूस उचलावा, ही ती अट. लूकच्या शुभवर्तमानात तर ती दररोज पाळावयाची आहे. जिच्यापाशी सोडण्यासारखे काही उरलेलेच नाही, तिच्यापुढे ही अट कोणत्या तोंडाने ठेवायची? पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या मुळाशी हा प्रश्न आहे. त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला. ह्या प्रश्नाला त्यांनी आयुष्यभराच्या कामाने जे उत्तर दिले, त्याची चर्चा मात्र त्या मानाने फार थोडी झाली.

विद्या होती, व्यवसाय नव्हता

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृतचे गाढे व्यासंगी होते. पत्नीला संस्कृत शिकवण्याचा त्यांचा आग्रह होता आणि त्यापायी त्यांना पंडितांच्या सभेला तोंड द्यावे लागले. अरण्यातील त्यांच्या घरी विद्यार्थी राहत, यात्रेकरू उतरत आणि त्यांच्या आदरातिथ्यात जवळची संपत्ती हळूहळू संपली. त्यानंतर हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळाच्या आवारात पुराण सांगावे, श्रोते देतील त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि त्यातलाही वाटा दानधर्माला द्यावा, असा त्यांचा क्रम होता. आई लक्ष्मीबाईंकडून रमाबाई संस्कृत शिकल्या. भागवतासारखा प्रचंड ग्रंथ लहान वयातच त्यांना मुखोद्गत झाला.

मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा ही सारी विद्या निरुपयोगी ठरली. पुराण ऐकावयाला श्रोते उरले नाहीत आणि दक्षिणा द्यावयाला कोणाजवळ पैसा उरला नाही. घरातील दागिने, वस्त्रे, भांडी विकून आलेला पैसा देवतांना प्रसन्न करण्यासाठी अनुष्ठानांत व ब्राह्मणांना दान देण्यात खर्च झाला. शेवटी झाडपाला खाण्याची पाळी आली. १८७४ मध्ये वडील गेले आणि त्यांच्या पाठोपाठ थोड्याच काळात आई व थोरली बहीणही गेली. आपल्या दुष्काळाच्या आठवणींत रमाबाईंनी पुढे एक गोष्ट निर्भीडपणे नमूद केली आहे. कुटुंबात कोणालाही पोट भरण्याचा एखादा उद्योग येत नव्हता, तो शिकण्याची त्यांना गरज वाटली नव्हती आणि अंगमेहनतीचे काम करणे जातीच्या व विद्येच्या अभिमानाला मानवत नव्हते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही कबुली फार मोलाची आहे. दुष्काळात माणसे मरतात ती केवळ धान्य नसते म्हणून मरत नाहीत. धान्य मिळवण्याचे साधन त्यांच्या हातून निसटते म्हणून मरतात, हा सिद्धांत अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. डोंगरे कुटुंबाचे साधन म्हणजे केवळ श्रोत्यांची श्रद्धा व सुबत्ता. ती गेली आणि कुटुंब गेले. ज्या धर्माचरणाला ते त्याग समजत होते, त्या आचरणाने दारातील मरण एक दिवसही पुढे ढकलले नाही. विद्येला हाताच्या कामाची जोड नसेल तर ती संकटकाळी पांगळी होते, हा धडा सोळा-सतरा वर्षांच्या ह्या मुलीने भुकेच्या शाळेत घेतला. पुढे केडगावला जे उभे राहिले, त्याचा पाया हा धडाच होता.

मान, संसार आणि वैधव्य

मागे राहिलेले दोघे बहीणभाऊ, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी ह्या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि चकित होऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. हा मान भोगण्याइतके स्वास्थ्य त्यांच्या वाट्याला आले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी ह्या वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मण नव्हते, त्यामुळे हा विवाह जातीबाहेरचा ठरला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या प्रारंभी पतीला पटकीने नेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आईबाप, भावंडे, पती असे सर्व आप्त गमावलेली ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षकांची व स्त्री डॉक्टरांची गरज प्रतिपादन केली. त्यांच्या मागण्यांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. स्त्रियांनी शिकावे एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. शिकून त्यांना पगाराचे काम मिळावे असा त्यांचा रोख होता. स्वतः वैद्यकीचे शिक्षण घ्यावे ह्या हेतूने, पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्च उभारून, १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत पुढे सोडून द्यावा लागला.

क्रूसाचा अर्थ

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनी संघाच्या आश्रयास त्या राहिल्या. ह्या संघाने लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवले होते. ते पाहून रमाबाई विचारात पडल्या. अशा स्त्रियांविषयी शास्त्रांत त्यांनी शिक्षा वाचल्या होत्या. त्यांच्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या, त्यांना शिवण शिकवणाऱ्या, त्यांच्या आजारात रात्री जागणाऱ्या सुशिक्षित स्त्रिया त्या प्रथमच पाहत होत्या. ह्या सेवेचे कारण विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या, लोकांनी टाकलेल्या त्या स्त्रीशी ख्रिस्त बरोबरीच्या नात्याने बोलला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना ख्रिस्ताकडे नेण्यास तर्कशास्त्रातील प्रमाणांपेक्षा हे रोजचे, कष्टाचे आणि कोणाच्या नजरेत न भरणारे काम अधिक कारणीभूत झाले.

परंतु आत्मत्याग म्हणजे आज्ञाधारकपणा, असे त्यांनी कधीही मानले नाही. चर्चच्या सिद्धांतांविषयी त्यांनी भगिनी संघाशी दीर्घ पत्रव्यवहार केला. शंका फिटेपर्यंत एखादे मत स्वीकारावयाचे नाही हा त्यांचा बाणा संघातील वडीलधाऱ्यांना अहंकार वाटला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा आक्षेप हिंदुस्थानातील बिशपांनी घेतला, तोही त्यांना मान्य झाला नाही. पुण्याच्या सनातन्यांना न जुमानणारी ही बाई इंग्लंडच्या धर्माधिकाऱ्यांनाही शरण गेली नाही. स्वतःचे सुख नाकारावे, कीर्ती नाकारावी, पण आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये, असा त्यांच्या आत्मत्यागाचा अर्थ होता. महात्मा फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, ती ह्या स्वतंत्र वृत्तीमुळेच, हे सहज समजण्यासारखे आहे.

दिलेले वचन आणि उघडे दार

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे तीन वर्षांच्या आसपास राहिल्या. बालोद्यान शिक्षणाची पद्धती त्यांनी अभ्यासली, व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहून १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे वार्षिक मदत देण्याचे वचन तिने दिले. त्या पाठबळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व १८९० मध्ये ते पुण्यास हलवण्यात आले. सदनात विधवांना आपापल्या चालीरीती पाळण्याची मुभा होती आणि धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे वचन होते. ह्याच सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

१८९३ मध्ये वादळ उठले. काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसतात, हा वादाचा मुद्दा होता. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, सल्लागार मंडळातील रानडे व भांडारकर यांनी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपल्या खोलीचे दार बंद करून प्रार्थना करण्याचे बंधन त्या कधीही पत्करणार नव्हत्या. जी मुलगी आत येईल तिला हाकलणार नव्हत्या आणि जी येणार नाही तिला बोलावणार नव्हत्या. टीकाकारांची भीती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. आश्रय देणाऱ्या व्यक्तीचा प्रभाव आश्रितांवर पडतोच. तेथे उघडे दारसुद्धा एक आमंत्रण ठरते. परंतु ज्या समाजाने ह्या मुलींच्या भवितव्याची चिंता तोवर वाहिली नव्हती, त्याला ती चिंता त्यांच्या धर्माच्या निमित्तानेच का सुचावी, हा रमाबाईंच्या बाजूचा प्रश्नही तितकाच खरा होता. त्या प्रश्नाला वादाच्या पलीकडचे उत्तर कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढून दिले.

केडगावची माळजमीन

दहा वर्षांची मदत एके दिवशी संपणार, हे रमाबाईंना ठाऊक होते. त्यामुळे पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली व तीत फळबाग लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा हिशेब होता. प्रार्थनेवर नितांत विश्वास असलेल्या ह्या बाईंनी विहिरी खणण्यात कधी कुचराई केली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

बाग फळावर येण्यापूर्वीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हकिकती कानी येताच रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत व मदतकेंद्रांवर अनाथ मुलींची कशी लूट होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि विशीच्या आत आपण सोसलेले दिवस त्यांना आठवले. शेकडो मुली व विधवांना त्यांनी बरोबर आणले. पुण्यात प्लेगची साथ होती. एवढ्या माणसांना शहरात ठेवणे शक्य नव्हते. शेवटी केडगावच्या माळावर तंबू व झोपड्या उभारून त्यांची सोय करावी लागली. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी निराश्रित आले आणि वस्ती सुमारे दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे दोन वेळचे जेवण म्हणजे काय, हे कोणत्याही गृहिणीला समजेल. पीठ दळले पाहिजे, पाणी शेंदले पाहिजे, कपडे शिवले पाहिजेत, आजाऱ्यांची उस्तवार झाली पाहिजे. रमाबाईंनी ही गरज हीच शाळा केली. शेती, गोठा, तेलघाणी, हातमाग, शिवणकाम, छापखाना असे एकेक काम मुली शिकत गेल्या. शिकवणाऱ्याही हळूहळू त्यांच्यातूनच तयार झाल्या. आंधळ्यांसाठी वेगळे घर झाले व त्यांना ब्रेल लिपी शिकवण्यात आली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, ते फुलहॅमच्या आश्रयगृहाची आठवण करून देणारे होते. सकाळी वाचन-लेखन, नंतर हाताचे काम आणि दोहोंच्या मध्ये प्रार्थना अशी तेथील दिवसाची घडी होती. जातीचा अभिमान ज्या कामांना हात लावू देत नव्हता, नेमकी ती कामे पंडित घराण्यातील ह्या स्त्रीने उपासनेच्या पंक्तीला आणून बसवली.

प्रारंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. रिकाम्या हाताच्या माणसाला त्याग शिकवणे ही क्रूर थट्टा आहे. आधी त्या हातात भाकरी आली पाहिजे, मग अक्षर आले पाहिजे, मग हुन्नर आला पाहिजे. तेव्हा कोठे ते माणूस आपले काही दुसऱ्यासाठी सोडावयास मोकळे होते. केडगावच्या मुलींनी पुढील दुष्काळातल्या निराश्रितांना आपल्यातला घास काढून दिला, रोग्यांची शुश्रूषा केली. विधवेवर लादलेला उपवास आणि स्वतः कमावलेल्या भाकरीतून काढून दिलेला घास, दोन्हींत पोट सारखेच रिकामे राहत असेल; पण पहिल्यात माणूस हिरावले जाते आणि दुसऱ्यात ते उभे राहते.

न सुटलेले प्रश्न

ह्या कार्याचा हिशेब मांडताना जमेची बाजूच तेवढी मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुक्ती सदन हे शारदा सदनासारखे तटस्थ नव्हते. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. दुष्काळातून आलेल्या लहान मुलींनी स्वीकारलेला धर्म कितपत त्यांच्या निवडीचा होता, हा प्रश्न विचारला गेला व तो विचारणे रास्तच होते. जो त्याग लादलेला नसावा असे म्हणावयाचे, त्या त्यागामागची श्रद्धाही लादलेली नसावी, हे ओघानेच येते. रमाबाईंनी सक्ती केली नाही असे त्यांचे समर्थक म्हणतात. परंतु भुकेल्या मुलाला जेथे अन्न मिळते तेथील सारेच त्याला सत्य वाटू लागते, हेही नाकारता येत नाही. दुसरा प्रश्न पैशाचा. १८९८ नंतर ठरीव मदतीच्या हमीपेक्षा, ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथाश्रमांचा आदर्श पुढे ठेवून, प्रार्थना व ऐच्छिक देणग्या यांवर रमाबाईंनी अधिकाधिक विसंबण्याचे ठरवले. ह्या देणग्या मुख्यतः परदेशांतून येत. केडगावातील मुली स्वावलंबन शिकत होत्या, तरी केडगाव स्वतः पूर्णपणे स्वावलंबी झाले नव्हते. सारा महाराष्ट्र ज्या कार्याला आपले म्हणत नव्हता, त्या कार्याला अन्य गती कोणती होती, हे मात्र महाराष्ट्रानेच स्वतःला विचारावयास हवे.

संस्कृतचा त्याग

रमाबाईंच्या शेवटच्या कामात त्यांच्या त्यागाचे सर्वांत सूक्ष्म रूप दिसते. त्या काळी प्रचारात असलेल्या मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती आणि ती खेड्यातील, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायकांना समजत नसे. रमाबाईंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतः भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. जिच्या संस्कृतवाणीने कलकत्त्याचे पंडित थक्क झाले होते, तिने हे भाषांतर करताना संस्कृत शब्द निवडून निवडून दूर ठेवले आणि दळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बाईच्या बोलीतील शब्द शोधले. धनिकाला धन सोडणे जमते, विद्वानाला विद्वत्ता मिरवण्याचा मोह सोडणे क्वचित जमते. पंडिता ही पदवी ज्या भाषेने दिली, ती भाषाच त्यांनी अखेरीस बाजूला ठेवली. ह्या भाषांतरावर भाषेच्या दृष्टीने टीका झाली आणि ते सर्वत्र रूढ झाले नाही. पण ते कोणासाठी आहे हे रमाबाईंनी प्रारंभीच ठरवले होते.

१९२१ मध्ये मनोरमा वारली. शारदा सदनाच्या शाळेची धुरा वाहणारी, आईची उत्तराधिकारी समजली जाणारी ही कन्या गेल्यावरही रमाबाईंचे भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला तेव्हा ते पूर्णत्वास गेले होते. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यात.

त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, कागद दुमडणाऱ्या स्त्रिया बहुतांशी दुष्काळाने वा समाजाने टाकलेल्या होत्या. त्यांतील कित्येकींना केडगावी येण्यापूर्वी अक्षराची ओळखही नव्हती. ज्यांच्यासाठी पंडितेने आपली संस्कृतवाणी आवरली, त्यांच्याच हातांनी तो ग्रंथ अक्षर-अक्षर जुळवून पुरा झाला. रमाबाईंची श्रद्धा पटो अथवा न पटो, निराधार स्त्रीला धीराचा आणि सोशिकपणाचा उपदेश करणाऱ्या प्रत्येक धर्माने व प्रत्येक सुधारकाने केडगावच्या ह्या हिशेबाशी आपला हिशेब एकदा ताडून पाहण्यास हरकत नाही.